उजव्या कोपऱ्यातली माणसं

साखरपुड्याचा फोटो भिवाजीने परत पाठवला, तेव्हा गंगूबाई अंगणात लग्नासाठी वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. फोटो चांगला मोठा, काच आणि लाकडी चौकट लावलेला. भिवाजीच्या गड्याने तो ओट्यावर पालथा ठेवला. "मालक म्हनलं, आमाला पुसून टाकलेला फोटो आमच्या घरात नको," एवढं बोलून तो आल्या पावली निघून गेला. गंगूबाईने फोटो सुलटा केला, नीट पाहिला आणि कपाळाला हात लावला.

पुसलेलं होतं हे खरंच होतं. सगळी भावकी ओळीने उभी, मधोमध खुर्चीत तिचा नवरा दादासाहेब, फेटा आणि मिश्या अशा स्पष्ट की मिशीतले पांढरे केस मोजावेत. पण तिथून नजर उजवीकडे सरकत गेली की चेहरे विरघळत जात होते, आणि अगदी टोकाला पोचेपर्यंत ओल्या हाताने पाटीवरचं अक्षर पुसावं तसं झालं होतं. आणि त्या टोकाला नेमका भिवाजी, त्याची बायको रत्नाबाई आणि त्याच्या घरची सगळी माणसं उभी होती. फोटो घरोघर वाटण्याआधी कुणीच हे पाहिलं नव्हतं. दादासाहेबाने फक्त स्वतःला पाहिलं होतं आणि फोटो झकास आलाय असं म्हणून तो मोकळा झाला होता.

दादासाहेब थोरल्या पातीचा, भिवाजी धाकट्या पातीचा, दोघे चुलत भाऊ. जत्रेत भैरोबाच्या पालखीचा पुढचा खांदा एक वर्ष या घराचा, एक वर्ष त्या घराचा, असा पूर्वापार रिवाज. एका जत्रेला भिवाजीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्याच्या पाळीला खांदा दादासाहेबाने दिला. पुढच्या वर्षी दादासाहेब म्हणाला, आता माझी पाळी. भिवाजी म्हणाला, माझी राहिलीय. एवढंच. एवढ्यावर दोन कर्ती माणसं नऊ वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. त्यांच्या गावात, उरवड्यात, त्या काळात कंपन्या आल्या, डांबरी रस्ता आला, घरोघरी भाडेकरू आले, पण ही पाळी कुणाची ते काही ठरलं नाही.

त्यांचं ते त्यांनी खुशाल करावं, पण गंगूबाईचं दुखणं वेगळं होतं. रत्ना तिची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच भावकीत दिल्या, की एकमेकींना आधार होईल, असा त्यांच्या बापाने हिशेब केला होता. आणि आता गिरणीत गाठ पडली तरी दळण किती आणलंस एवढं विचारून दोघी आपापल्या वाटेने जात, कारण कुणीतरी बघत असे आणि घरी जाऊन सांगत असे. गंगूबाईच्या लेकीचं, सृष्टीचं लग्न ठरलं तेव्हा तिने ठरवलं, आता पुरे. हळद लावायला मावशी आणि चुलती दोन्ही एकाच बाईत होत्या, आणि ती बाई नसेल तर त्या हळदीत काही अर्थ नव्हता. नवऱ्याला न विचारता ती भिवाजीच्या दारात गेली, साखरपुड्याचं बोलावणं करून आली, आणि काय नवल, भिवाजी आला. फोटोच्या वेळी त्याला मध्ये कुणी बोलावलं नाही, तोही आपणहून सरकला नाही, कडेला उभा राहिला. तरी आला होता. आणि आता हा फोटो.

फोटो काढणारा होता शैलेश, वरच्या खोल्यांमधला भाडेकरू. नांदेडकडचा, इथल्या प्लास्टिकच्या कंपनीत मालाची तपासणी करायचा. डबे वाकडे निघाले तर दोष साच्यात की मशीनमध्ये, हे शोधणं हीच त्याची रोजची भाकरी. त्याने भिंग बदलता येणारा मोठा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि वर्षभर मुळशीच्या पाण्यावरचे बगळे टिपत फिरत होता. बगळा कायम फोटोच्या मधोमध, त्यामुळे कडेला काय होतं याचा त्याला पत्ताच नव्हता.

"शैलेश, ह्ये काय करून ठिवलंस?" गंगूबाईने फोटो त्याच्यापुढे धरला.

शैलेशने डोळे बारीक करून उजवी कड पाहिली. पाहताना त्याच्या तोंडावर लाज आली नाही, उलट तकाकी आली, आणि तिथेच गंगूबाईच्या लक्षात आलं की हे प्रकरण लांबणार. "काकू, हे इंटरेस्टिंग आहे," तो म्हणाला. "दोष लेन्समध्ये असेल नाहीतर सेन्सरमध्ये."

"आरं, म्हंजी काय?"

"लेन्स म्हणजे पुढचं भिंग. सेन्सर म्हणजे आतली पट्टी, पूर्वी फिल्म असायची ना, त्या जागी. भिंग हललेलं असेल, नाहीतर पट्टी तिरकी बसली असेल. कोणतं ते शोधायला पाहिजे."

"शोधायचं कशाला? पिरंगुटचा फोटोवाला बोलावते, तो दुसरा काढंल."

तसा निरोपही तिने भिवाजीला पाठवला. त्यावर त्याचं उत्तर आलं, की दुसरा फोटो म्हणजे पहिल्याची सारवासारव, आधी पहिला कुणी पुसला ते सांगा, माणसानं की मशिनीनं. माणसानं पुसला असेल तर लग्नाला आमच्या घरचं कुत्रंसुद्धा येणार नाही. हे ऐकून दादासाहेब भडकला. आपल्याला काय फोटो पुसता येतो का, म्हणाला, आपल्याला मोबाइलवर नंबर लावता येत नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण ते त्याने भिवाजीला जाऊन सांगायला हवं होतं, ओट्यावर बसून गंगूबाईला नव्हे. गंगूबाईने ते दोनतीनदा सुचवून पाहिलं. तो पान लावत बसला.

म्हणजे घराचा सगळा भार आता शैलेशच्या तपासणीवर. दुसऱ्या दिवशी गंगूबाई गोठ्यातून आली तर हा पठ्ठ्या लग्नासाठी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर वर्तमानपत्रं चिकटवत होता. खळ लावून, नीट ओळीत, कोपऱ्याला कोपरा भिडवून, चांगली खाटेएवढी जागा त्याने भरून टाकली होती. रंग अजून पुरता वाळलाही नव्हता.

"आरं मेल्या, रंग कालच दिलाय त्या भितीला."

"काकू, बारीक अक्षर लागतं. कोपऱ्यातलं अक्षर वाचता येतं का ते बघायचं."

"वाचायचंच हाय तर पेपर हातात घेऊन वाच की."

पण तो ऐकतो कुठला. त्याने धान्याचं पिंप उपडं घातलं, त्यावर कॅमेरा ठेवला, दोरीने अंतर मोजलं, आणि फोटो काढून वर संगणकावर बघून आला. उजव्या कोपऱ्यातली अक्षरं मुंग्यांसारखी पसरली होती. मग त्याने कॅमेरा उलटा केला, डोकं खाली पाय वर, खाली उशी देऊन, आणि पुन्हा फोटो काढला. हे पाहून दादासाहेबही पान थुंकून उठला.

"ह्ये कशापायी?"

"काका, कदाचित भिंतच वाकडी असेल. भिंतीची एक बाजू कॅमेऱ्यापासून लांब असेल तरी ती पुसट येते. कॅमेरा उलटा केल्यावर पुसट भाग भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर दोष भिंतीचा, आणि बाजू बदलली तर दोष कॅमेऱ्याचा."

दादासाहेबाला एवढंच कळलं की त्याच्या भिंतीवर संशय घेतला जातोय. ती भिंत त्याने उभं राहून बांधून घेतली होती. "माझी भित वळंब्यात हाय," तो म्हणाला, आणि तेवढ्याने भागलं नाही, त्याने गवंड्याचा ओळंबा मागवून भिंतीला लावला. त्यात दुपार गेली. भिंत सरळ निघाली, कॅमेऱ्यानेही तेच सांगितलं, आणि दादासाहेब निवडणूक जिंकल्यासारखा गावात फिरून आला. मूळ प्रश्न होता तिथेच राहिला, कुरडया गंगूबाईने एकटीने उचलल्या.

आता लेन्स की सेन्सर हे ठरवायला दुसरी लेन्स हवी होती. तीच लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर, दुसरी लेन्स याच कॅमेऱ्यावर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं शैलेशचं म्हणणं. ही लेन्स त्याने बावधनच्या अनिमेषकडून वापरलेली घेतली होती, तेव्हा त्यालाच बोलावलं. अनिमेष रविवारी येतो म्हणाला. रविवारी फोन केला तर त्याच्याकडे पाहुणे. पुढच्या रविवारी चांदणी चौकात गाडी बंद पडली. इकडे पत्रिका छापून आल्या, बस्ता झाला, आचारी ठरला, आणि गंगूबाई रोज सकाळी त्या वर्तमानपत्रांच्या भिंतीकडे बघून दात ओठ खात होती. तिला एकेकदा वाटायचं की हा कॅमेरा उचलावा आणि नेऊन मुठेच्या डोहात टाकावा, पट्टी तिरकी असली काय आणि सरळ असली काय.

तिसऱ्या रविवारी अनिमेष आला. आल्या आल्या म्हणाला, माझी लेन्स परफेक्ट होती, तुझा सेन्सरच गेलाय. शैलेश म्हणाला, बघू. दोघांनी कॅमेरे अदलाबदल केले, लेन्सा अदलाबदल केल्या, भिंतीसमोर पिंप पुढे मागे सरकवलं. गंगूबाईने त्यांना दोनदा चहा दिला, तो दोन्ही वेळा गार झाला. शेवटी दोघे वरून खाली आले ते वेगवेगळे चेहरे घेऊन. अनिमेषची दुसरी लेन्स शैलेशच्या कॅमेऱ्यावर लावली तर चारही कोपरे स्वच्छ. आणि शैलेशची लेन्स अनिमेषच्या कॅमेऱ्यावर लावली तर तिथेही उजवी कड पुसट. कॅमेरा निर्दोष, दोष भिंगात. अनिमेष मान खाजवत म्हणाला, ताम्हिणीला एकदा बॅगेतून निसटली होती खरी, पण थोडीशीच. शैलेशने त्याच्याकडे असं बघितलं की गंगूबाईला पहिल्यांदाच या पोराबद्दल माया वाटली.

"झालं न्हवं मग?" ती म्हणाली. "मशिनीनं पुसला, माणसानं न्हाई. बोलवा भिवाजीला."

भिवाजी आला. उन्हातून, टोपी घालून, मागे दोन पावलं ठेवून रत्नाबाई, पदर तोंडावर घट्ट धरलेला. गल्लीतली चार माणसंही काहीतरी होणार म्हणून आली. शैलेशने भिवाजीला वर्तमानपत्राचे फोटो कागदावर छापून दाखवले, हा बिघडलेल्या भिंगाचा, हा चांगल्या भिंगाचा. भिवाजीने दोन्ही कागद हातात घेतले, उलटेसुलटे केले आणि परत दिले.

"पेपर तुमचा, भित तुमची, भाडेकरू तुमचा," तो म्हणाला. "ह्येच्यावर मी काय इस्वास ठिवायचा?"

"काका, मग कसं पटेल तुम्हाला?"

"त्याच भिंगानं परत काढ. मी मधी बसतो. आनि दादा कडंला, मी हुतो तितं. त्यो पुसला गेला तर मी मानीन."

शैलेशचा चेहरा उजळला, कारण ही तपासणी त्याच्या शास्त्रातही बसत होती. पण दादासाहेब ओट्याच्या कडेला हात ठेवून उभा होता, त्याने मान हलवली. "थोरली पाती कडंला बसत न्हाई," तो म्हणाला. "आजवर बसली न्हाई."

"मग झालं," भिवाजी म्हणाला. "चल गं."

रत्नाबाई वळली. गंगूबाईला तिची पाठ दिसली, खांदे जरा वाकलेले, हिरव्या लुगड्यात. गेली नऊ वर्षं बहिणीची पाठच तिच्या वाट्याला आली होती, गिरणीतून जाताना, देवळातून उतरताना, बाजारातून. ती ओट्यावर गेली, दादासाहेबाची खुर्ची ओढली आणि फरफटत नेऊन अंगणाच्या उजव्या टोकाला आदळली.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आगं, पर..."

"नऊ वर्सं मधी बसलाय न्हवं? काय मिळालं त्येनं? माझी भईन हितं पाच घरं सोडून ऱ्हाती आनि मला तिच्या घरातलं कोन आजारी हाय त्ये दुकानदाराकडनं कळतंय. आता बसा, न्हाईतर मी रत्नासंगट तिच्या घरी चालले. लेकीचं लगीन तुमी आनि ह्यो क्यामेरा मिळून करा."

गंगूबाई असं चारचौघांत कधी बोलली नव्हती. दादासाहेबाने इकडेतिकडे पाहिलं, कुणीच त्याच्या मदतीला येईना. मग तो चालत गेला आणि खुर्चीत बसला, हात छातीशी बांधून, शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखं तोंड करून. भिवाजी मध्ये बसला. बाकीची माणसं मागे उभी राहिली, आणि गंगूबाईने रत्नाला हाताला धरून भिवाजीच्या मागे, आपल्या शेजारी उभं केलं. शैलेशने ते पडून बिघडलेलं भिंग चढवलं, मधल्या माणसांवर नेम धरला, आणि तेवढ्यात दादासाहेब पुटपुटला, "आता फेटा तरी नीट बांधू द्या, पुसायचाच हाय तर." कुणीतरी फसकन हसलं आणि शैलेशने बटण दाबलं.

सगळी वरात वर शैलेशच्या खोलीत गेली. भिवाजी नऊ वर्षांनी त्या घराचा जिना चढला, याकडे त्याचंही लक्ष नव्हतं. संगणकावर फोटो उघडला. मधोमध भिवाजी, कपाळावरच्या आठ्यांसकट स्पष्ट. उजव्या टोकाला एक फेटा आणि त्याखाली धुकं.

"ह्यो मी?" दादासाहेब पुढे वाकला.

"तुमीच," भिवाजी म्हणाला. त्याच्या आवाजातली धार गेली होती. "म्हंजी भिंगच हाय की."

"म्हनून तर सांगतुया कवापासनं. पोरा, आता चांगलं भिंग लाव आनि परत काढ."

"काढा की," भिवाजी म्हणाला. "पर मी मधनं उठनार न्हाई."

"का म्हनून? तुझं समाधान झालं न्हवं?"

"झालं. पर आता मला मधी बरं वाटतंय."

आणि पुन्हा सुरू. अनिमेष म्हणाला, काढतानाच थोडं डावीकडे सरकून काढा. शैलेश म्हणाला, त्याने काही होत नाही, तू गप्प बस. गंगूबाईचं डोकं भणभणलं. तिने दोन्ही भावांकडे पाठ केली, पडद्याकडे पाहिलं, आणि तिथेच थांबली.

पडद्यावर भिवाजीच्या डोक्यामागे ती स्वतः होती, घामेजलेली, रागाने लाल. आणि तिच्या शेजारी रत्ना. दादासाहेबाच्या त्या बोलण्यावर हसलेली तीच होती. हसताना पदर हातातून सुटला होता.

"शैलेश, ही बाई जरा मोठी करून दाव," गंगूबाई म्हणाली.

त्याने मोठी केली. रत्नाचा चेहरा पडद्यावर पसरला, डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या, नाकातली चमकी, आणि उघड्या तोंडात पुढचे दोन दात नव्हते. तिथे काळी फट होती.

गंगूबाई मागे वळली. रत्ना दाराशी उभी होती, पदर पुन्हा तोंडावर.

"रत्ने, तुझं ह्ये दात कवा पडलं?"

"लई वर्सं झाली की," ती म्हणाली. "म्हशीनं डोकं उडवलं, त्ये तोंडावर बसलं. त्याच आठवड्यात तू बाजारात दिसलीस. सांगनार हुते तुला, पर ह्ये गाडीपाशी हुबं हुतं."

"जेवतीस कशी?"

"भाकरी दुधात मोडती. सवं झाली आता."

गंगूबाईने काही बोलायचा प्रयत्न केला आणि तिला हुंदका आला, चारचौघांत, पोरांसमोर, आवरता आवरेना. "माझ्या भईनीचं दात पडलं," ती म्हणाली, "आनि मला त्ये आज कळतंय. ह्या पोराच्या टीव्हीत बघून." तिने हे नवऱ्याला ऐकवलं नाही की भिवाजीला ऐकवलं नाही. पण दोघांनीही ते ऐकलं. दादासाहेब पडद्यावरच्या त्या काळ्या फटीकडे बघत राहिला. भिवाजीने टोपी काढली, हातात फिरवली आणि पुन्हा घातली.

"वहिनी," तो म्हणाला, "हळदीला रत्नाला कवा धाडू?"

"धाडताय कशाला?" गंगूबाईने डोळे पुसले आणि जिन्याकडे निघाली. "आली हाय ना ती. आता ऱ्हाईल हितंच. चल गं रत्ने, तुला मऊ भात टाकते."